खर्जाची मुकी रांग

डोळे मिटा बरं. नको, राहू द्या. डोळे मिटले तर पुढचं वाचाल कशाने? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करा.

एक चर्च आहे. फार मोठं नाही, पण उंच आहे. इतकं उंच, की खाली कुणी शिंकलं तर ती शिंक छताला जाऊन परत येते आणि शिंकणारा पुन्हा एकदा दचकतो. समोर डाव्या हाताला तीन पायऱ्या. पहिल्या पायरीवर गाणारी मुलं, दुसरीवर बायका आणि तिसरीवर तीन दांडगे पुरुष. हे तिघे खर्जात गायचे. खर्ज म्हणजे गाण्यातला सगळ्यात खालचा, जाड सूर. घराला जसा पाया, तसा गाण्याला खर्ज. पाया बघायला कुणी जात नाही, पण तो नसला तर काय होतं ते मी सांगायला नको.

आता पहिल्या पायरीवर अगदी कडेला बघा. लाल रिबिनींची, एक रिबीन सुटलेली, नऊ वर्षांची मुलगी. तिचं खरं नाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त शाळेच्या पटावर राहायचं. बाकी सगळीकडे ती लवंगी. हे नाव तिच्या आबांनी, म्हणजे बाबाच्या वडिलांनी ठेवलं होतं. ते म्हणायचे, "पोर एवढीशी, पण वात पेटली की अख्खी गल्ली जागी."

तिसऱ्या पायरीवरच्या तिघांत मधला लवंगीचा बाबा. तो घरं रंगवायचा. त्याच्या एका बाजूला बेकरकाका. हात मैद्याच्या गोळ्यासारखे मऊ आणि पोट त्याहून मऊ. दुसऱ्या बाजूला प्लंबरकाका. लांबलचक माणूस, पण निम्मं आयुष्य बेसिनखाली गेल्यामुळे मान कायमची वाकलेली. पूर्वी या रांगेत चौथे आबाही होते. आबाही रंगारीच. सात महिन्यांपूर्वी आबा वारले आणि रांगेत तिघं उरले.

बाबाचं गाणं लवंगीला कानांपेक्षा गालाने जास्त माहीत होतं. स्कूटरवर मागे बसून त्याच्या पाठीला गाल टेकवला, की आत पिठाची गिरणी सुरू असल्यासारखं घुमायचं. कामावर तर विचारूच नका. रंग द्यायच्या आधी घर रिकामं करतात, आणि रिकाम्या खोलीसारखी गाण्याला जागा नाही. बाबा शिडीवर चढून एक सूर लावायचा आणि खोली तो चार सूर करून परत द्यायची.

आबा गेल्यापासून मात्र स्कूटरवर गिरणी बंद होती. लवंगीने मनाची समजूत घातली होती, की बाबा आता फक्त चर्चमध्ये गातो. तिथे तर त्याचं तोंड उघडताना दिसायचंच.

गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी काय झालं, लवंगीच्या तोंडात पेपरमिंटची गोळी होती. गाणं शिकवणाऱ्या बाईंचं मुलांच्या तोंडांकडे फार बारीक लक्ष. म्हणून गोळी संपेपर्यंत लपायला लवंगी तिसऱ्या पायरीमागच्या बोळकांडीत शिरली. तिथे छत्र्या आणि जुने कोट टांगलेले असायचे. तिच्या समोर तीन पाठी. ऑर्गन वाजू लागला, गीत सुरू झालं, आणि सवयीप्रमाणे लवंगीने बाबाच्या पाठीला गाल टेकवला.

काहीच नाही.

तिने गाल बदलून बघितला. मग वाकून बाजूने डोकावली. बाबाचा जबडा वरखाली होत होता, मान डुलत होती, कपाळावरच्या आठ्यासुद्धा बरोबर जागच्या जागी पडत होत्या. आवाज मात्र शून्य.

आता तुमच्यामाझ्यासारखा कुणी असता तर तिथेच रडत बसला असता. लवंगीने डोकं चालवलं. तिने तळहात बेकरकाकांच्या पाठीवर ठेवला. तिथेही शांत, पोट थोडं गुरगुरत होतं, पण ते खर्जात नव्हे. मग टाचा उंचावून तिने प्लंबरकाकांच्या पाठीवर हात ठेवला. काका मागे वळले आणि भर गाण्यात म्हणाले, "काय गं?"

"मुंगी होती, काका."

"बरं," असं म्हणून काका पुढे वळले आणि त्यांनी पुन्हा तोंड हलवायला सुरुवात केली.

लवंगीच्या तोंडातली गोळी गिळली गेली. जो माणूस गात असतो तो मधेच 'काय गं' म्हणू शकतो का? तिघंही! तिघंही नुसती तोंडं हलवत होते! ऑर्गनच्या घुमण्यात कुणाला पत्ता लागत नव्हता, आणि बाई तर नेहमीच म्हणायच्या, "मागच्या रांगेची मला चिंता नाही." म्हणून त्या मागच्या रांगेकडे बघतही नसत.

पण लवंगीला शुक्रवार आठवला.

त्या चर्चची एक जुनी रीत होती. गुड फ्रायडेला दुपारी तीन वाजता, प्रभूने प्राण सोडला त्या वेळी, ऑर्गन बंद. घंटा बंद. बायका गप्प, मुलं गप्प. फक्त खर्जवाल्यांनी चार ओळींचं एक गीत म्हणायचं. पहिली ओळ सगळ्यांनी मिळून म्हणायची आणि तिचा शेवटचा सूर धरून ठेवायचा. त्या धरलेल्या सुरावरून एकाने दुसरी ओळ उचलायची, आणि तो उचलेपर्यंत बाकीच्यांनी सूर सोडायचा नाही. उचलायचं काम इतकी वर्षं आबांचं होतं. यंदा बाबाचं.

म्हणजे शुक्रवारी तीन वाजता अख्ख्या गावासमोर तीन पुरुष माशासारखी तोंडं उघडणार, आणि बाहेर काहीही येणार नाही. पोरं हसणार. आणि बाबा त्यानंतर पुन्हा कधीही त्या पायरीवर चढणार नाही. बाबाला ती ओळखत होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती थेट बाबाच्या कामावर गेली. तो शिडीवर होता.

"बाबा, घसा कसा आहे तुझा?"

"ठीक आहे की."

"मग गात का नाहीस?"

"गातो की रविवारी."

"तोंडाने, की आवाजानेपण?"

ब्रश थांबला. पांढऱ्या रंगाचा एक थेंब टपकन फरशीवर पडला.

"लवंगे, तो लहान डबा दे इकडे," बाबा म्हणाला. एवढंच.

मोठी माणसं 'डबा दे' म्हणाली की समजावं, दार बंद झालं. लवंगीने डबा दिला आणि खिडकीतून आत जायचं ठरवलं. तिला वर्गातली एक गोष्ट पक्की माहीत होती. बाईंनी सगळ्यांना मिळून प्रश्न विचारला तर कुणी उत्तर देत नाही. प्रत्येकाला वाटतं, दुसरा देईल. पण एकट्याला उभं केलं, की काही ना काही बोलावंच लागतं.

मंगळवारी ती बेकरीत गेली.

"बेकरकाका, एक वाईट बातमी आहे. बाबाचा घसा पार बसलाय."

"अरे देवा!"

"आणि प्लंबरकाकांचापण."

"दोघांचाही?" काकांच्या हातातला ट्रे कलंडला.

"म्हणजे शुक्रवारी सगळं तुमच्यावर," असं म्हणून लवंगी बाहेर पडली. त्या दिवशी बेकरीत पावांचा एक अख्खा घाणा करपला.

मग ती प्लंबरकाकांकडे गेली. काका कुणाच्या तरी बेसिनखाली अर्धे आत, अर्धे बाहेर होते. तिने त्यांच्या पायांना तीच बातमी सांगितली. फक्त बेकर आणि प्लंबर यांची अदलाबदल केली. आतून 'ठण्' असा आवाज आला. काकांनी डोकं आपटून घेतलं होतं.

हे खोटं बोलणं झालं का? घसे खरोखरच बंद होते, तेव्हा निम्मं तरी खरं. उरलेल्या निम्म्याबद्दल लवंगीने झोपण्यापूर्वी देवाची क्षमा मागून ठेवली, आणि पुढच्या दोन दिवसांचीही आगाऊ मागून घेतली.

तिला वाटलं होतं, आता दोघं घाबरून गायला लागतील. घाबरले खरे, पण गायले नाहीत.

गुरुवारी दुपारी बाबा एका नव्या घराच्या दिवाणखान्याला शेवटचा हात देत होता. खोली पूर्ण रिकामी. शाळेला सुट्टी होती, म्हणून लवंगी भिंतीतल्या कपाटात पाय दुमडून गोष्टीचं पुस्तक वाचत बसली होती. तेवढ्यात बेकरकाका आले, हातात गरम पावांची पिशवी.

"काय रे, इकडे कुठे?" बाबाने विचारलं.

"सहज. म्हटलं, पाव खाशील."

पिशवी खाली ठेवायच्या आत दारातून प्लंबरकाका वाकून आत आले. बेकरकाकांना बघून ते तिथेच थबकले.

"ते… या घरातला नळ गळतोय म्हणे."

"या घरात अजून नळ बसवलेलेच नाहीत," बाबा म्हणाला.

"हो का? मग गळणार कसा? बरोबर आहे." काकांनी मान खाजवली. "बरं, आलोच आहे तर सांगून टाकतो. उद्या मला जमणार नाही. दाढ दुखतेय."

"तुला जमणार नाही?" बेकरकाका ओरडले. "अरे, तुझा तर घसा बसलाय ना! मीच सांगायला आलो होतो, मला पित्ताचा त्रास आहे, माझ्या एकट्याच्याने होणार नाही."

"घसा तुझा बसलाय. तुझा आणि या रंगाऱ्याचा."

"माझा?" बाबा शिडीवरून खाली उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं हे?"

मग तिघांच्या माना एकदमच कपाटाकडे वळल्या.

लवंगीने पुस्तक तोंडासमोर धरलं. ते उलटं होतं.

"बाहेर ये," बाबा म्हणाला.

ती बाहेर आली आणि आली ती तोफेसारखीच. "मी रविवारी तिघांच्याही पाठी तपासल्या! एकही वाजत नव्हती! तुम्ही तिघंही नुसतं तोंड हलवता. बाबाला वाटतं तुम्ही गाताय, तुम्हाला वाटतं बाबा गातोय. आणि दाढ नाही, पित्त नाही. सगळं खोटं!"

तीन मोठी माणसं एवढी ओशाळलेली मी तरी कधी पाहिलेली नाहीत. बेकरकाका पिशवीतले पाव मोजू लागले. प्लंबरकाकांनी नसलेल्या नळाकडे नजर लावली. शेवटी तेच बोलले, अगदी बारीक आवाजात.

"सूर लावला की गळा भरून येतो. म्हणून लावत नाही."

"तुला रे काय झालं?" बेकरकाकांनी विचारलं.

"हसाल."

"नाही हसत."

"माझी कुत्री गेली ना पावसाळ्यात." काकांनी नळाच्या जागेवरून नजर काढली नाही. "बारा वर्षं गाडीत माझ्या शेजारी बसायची. अजून मी सकाळी आधी तिच्या बाजूचं दार उघडतो. बायकोला कळू नये म्हणून मग तिकडे हत्यारांची पेटी ठेवतो. आता सांग, एवढा थोराड बाप्या कुत्र्यासाठी रडतो का?"

"प्रभू रडला होता की," लवंगी म्हणाली. "मित्राच्या कबरीपाशी. सगळ्यांसमोर. आणि त्याला तर माहीत होतं, तो मित्र थोड्या वेळाने जिवंत होऊन कबरीतून बाहेर येणार आहे. तरी रडला."

"ते मित्रासाठी, पोरी. कुत्र्यासाठी नाही."

"त्याच्याकडे कुत्रा होता का पण?"

प्लंबरकाका हसायला गेले आणि हसता हसताच ओंजळीत तोंड घालून रडायला लागले. बेकरकाका त्यांच्या पाठीवर थोपटायला गेले. "असं करू नये," म्हणता म्हणता त्यांचंच नाक वाजलं. त्यांची लेक लग्न होऊन दूर गेली होती. करपलेल्या कडेचा पाव तिला आवडायचा म्हणून रोज एक पाव ते मुद्दाम जास्त भाजायचे, आणि आता तो एकट्यानेच भट्टीमागे उभं राहून खायचे. हे सगळं त्यांनी एका दमात सांगून टाकलं. रिकामी खोली ते रडणं चौपट करून परत देत होती. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर म्हणाला असता, आत दहाबारा म्हशी तरी आहेत.

बाबा मात्र भिंतीकडे तोंड करून रंग देत होता.

"बाबा, तिथे चौथा हात झाला," लवंगी म्हणाली.

ब्रश थांबला नाही. "आबांनी जाताना दोन गोष्टी सांगितल्या होत्या," बाबा भिंतीला म्हणाला. "रडू नकोस, आणि खर्ज पडू देऊ नकोस. पहिली सांभाळायला गेलो तर दुसरी हातातून सुटते. दोन्ही एकदम जमत नाहीत मला."

"मग एक मोड."

"कुठली?"

"आबांना खर्ज जास्त आवडायचा," लवंगी म्हणाली.

बाबाने ब्रश धुतला, डब्याची झाकणं लावली. "उद्या तुम्ही दोघं गा," तो मित्रांना म्हणाला. "मी नुसता उभा राहीन."

"आणि दुसरी ओळ कोण उचलणार?"

"बघू."

'बघू' हा शब्द मोठी माणसं कधी वापरतात, ते तुम्हाला माहीतच आहे.

शुक्रवार उजाडला. तीनच्या ठोक्याला चर्च गच्च भरलं. पाळकसाहेबांनी वाचन संपवलं आणि पुस्तक मिटलं. ऑर्गन बंद, पंखेही बंद. पहिल्या पायरीवर लवंगी दोन्ही मुठी आवळून उभी होती. मागे वळून बघायचं नाही, असं तिने ठरवलं होतं, म्हणून ती एकदाच वळली. बाबा आज तोंड हलवायचं नाटकसुद्धा करत नव्हता. ओठ घट्ट मिटून उभा होता.

बेकरकाका आणि प्लंबरकाका यांनी पहिली ओळ सुरू केली. तेल न घातलेल्या दारासारखी ती थरथरत आली, पण आली. दोघांचे डोळे वाहत होते आणि ती ओळ त्या पाण्यातून कशीबशी चालत शेवटच्या सुरापर्यंत पोहोचली. तिथे ते थांबले, सूर धरून.

आता बाबा.

बाबाने श्वास घेतला. तोंड उघडलं. आणि बाहेर आला तो हुंदका. साधासुधा नव्हे, पोटाच्या तळापासून आलेला, सात महिने कोंडलेला, खर्जातला हुंदका. तो छतापर्यंत गेला आणि परत आला. तोवर दुसरा निघाला होता. बाबाने रंगाने माखलेल्या नखांचे दोन्ही हात तोंडावर घेतले, आणि त्याचे खांदे गदगदा हलू लागले.

पुढच्या बाकावरचं एक पोरगं खुदकन हसलं आणि त्याच्या आईने त्याला असा चिमटा काढला की ते पुढचा महिनाभर हसलं नसेल. बेकरकाका आणि प्लंबरकाका सूर धरून उभे. सोडायचा नाही म्हणजे सोडायचा नाही! आळीपाळीने श्वास घ्यावा, हे दोघांनाही सुचलं नाही. बेकरकाका आधी लाल झाले, मग वांग्याच्या रंगाकडे निघाले.

लवंगीची आई बाकावरून अर्धवट उठली. पण तिला यायला वेळ लागला असता. लवंगीने शेजारी उभ्या असलेल्या गाण्याच्या बाईंच्या बाहीत खोचलेला रुमाल ओढला, बायकांच्या कोपरांमधून वाट काढली आणि ती तिसऱ्या पायरीवर चढली. बाबाचे हात धरून तिने खाली ओढले. डोळे लाल, नाक त्याहून लाल. ती चवड्यांवर उंच झाली आणि रुमाल त्याच्या नाकाला लावला, अगदी सर्दी झाल्यावर तो तिला लावायचा तसा.

"शिंकर," ती म्हणाली.

"अगं, लवंगे…"

"जोरात. लवकर. बेकरकाका जांभळे झालेत."

ती कुजबुजलीच होती, पण त्या चर्चमध्ये कुजबूजही छताला जाऊन येते. अख्ख्या चर्चने ऐकलं. आणि मग अख्ख्या चर्चने जे ऐकलं, ते मी लिहून दाखवू शकत नाही. एवढंच सांगतो, की खिडकीवरची दोन कबुतरं उडाली.

बाबाने एक श्वास घेतला, आणि दुसरी ओळ उचलली.

फुटलेल्या आवाजात, ओल्या आवाजात, मधेच तुटत आणि पुन्हा जोडली जात ती ओळ वर चढली. बेकरकाकांनी सूर सोडून एवढा मोठा श्वास घेतला, की त्यांचं वरचं बटण तुटून बायकांच्या पायरीवर गेलं. तिसऱ्या ओळीला तिघं एकत्र आले. तिघंही रडत होते आणि तिघंही गात होते, आणि एक थांबवल्याशिवाय दुसरं जमत नाही, असं त्यांच्याकडे बघून कुणी म्हटलं नसतं.

लवंगी आपल्या जागी परत जायला वळली. तेव्हा तिला पायरीवरून बाक दिसले. पहिल्या बाकावर जाड मिशांचे पोस्टमास्तर होते. ते छताकडे बघत होते, जणू तिथे कुठे गळतंय का ते तपासताहेत. पण मिशीवरचं पाणी छतातून आलेलं नव्हतं. त्यांच्या शेजारी शाळेचे मुख्याध्यापक चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी पुसतच होते. त्यांच्या पलीकडे औषधांच्या दुकानाचे मालक. मागे अजून कितीतरी, सगळे छताकडे बघणारे.

लवंगीने हातातला रुमाल उलगडून बघितला, त्याचा एक कोरडा कोपरा शोधून काढला, आणि ती पायऱ्या उतरून थेट पोस्टमास्तरांकडे निघाली.